काळ्या ठिपक्यावरची शंका

वागळे इस्टेटमधल्या आमच्या प्रयोगशाळेत मॅडम माझ्या कितीतरी आधीपासून होत्या. त्या विठ्ठलवाडीच्या, मी डोंबिवलीचा. आमचं काम असं: मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, उंदराच्या झिजलेल्या गुडघ्यात सोडायच्या आणि तिथे टिकतात का ते बघायचं. पण आत गेलेली पेशी दिसणार कशी? म्हणून आधी तिच्यात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण, नॅनोकण, भरायचे. मग एमआरआयमध्ये त्या जागी काळा ठिपका उमटतो.

पहिल्यांदा तो ठिपका दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तरी तो जागच्या जागी. आमच्या प्रमुखांनी, सरांनी, पेढे मागवले.

"पेशी टिकल्या! आता पेपर लिहायला घ्या."

"सर, लोखंड टिकलंय," मॅडम म्हणाल्या. "पेशींचं मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"पेशी मेली तरी कण तिथेच राहू शकतात. उंदराच्या सफाई करणाऱ्या पेशी तिला गिळतात, सोबत लोखंडही. ठिपका तसाच दिसणार."

सरांचा चेहरा पडला. संध्याकाळी मी मॅडमना विचारलं, "आता करायचं काय?"

"मेलेल्या पेशी सोडायच्या. कण भरायचे, मुद्दाम मारायच्या आणि दुसऱ्या उंदरांना द्यायच्या. बघू तर, त्यांचाही ठिपका उमटतो का."

तसं केलं. मग बैठकीत मॅडमनी पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं लावली. "यातल्या जिवंत पेशी कुठल्या?" सर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"नाही सांगता येत," ते शेवटी म्हणाले.

"मलाही नाही येत, सर."

नंतर आधीच्या उंदरांच्या गुडघ्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बहुतेक लोखंड सफाईवाल्या पेशींच्याच पोटात होतं. मॅडमची कित्येक वर्षांची मेहनत वाया गेली होती. चहाच्या टपरीवर मी त्यांना म्हटलं, "गप्प बसला असतात तर पेपर छापून आला असता."

"आला असता रे. काल घरी जाऊन रडलेय मी. पण पुढे कधीतरी हे कुणाच्या तरी आईच्या गुडघ्यात जाणार. तिला काय, नुसता ठिपका दाखवायचा?"

एवढं बोलून त्यांनी ग्लास ठेवला आणि नव्या प्रयोगाचं बोलायला लागल्या. पेशीत लोखंडासोबत एक जनुकही घालायचं, ज्याच्यामुळे फक्त जिवंत पेशी उजेड देते. लोखंड जागा सांगणार, उजेड जीव सांगणार. सरांनी परवानगी दिली. पुढच्या प्रत्येक बैठकीत मॅडमना शेजारी बसवून घेऊ लागले.

ते जुळायला फार वेळ गेला. अखेर एका सकाळी पडद्यावर अंधुक उजेड दिसला, काळ्या ठिपक्यापेक्षा बराच लहान. मी मॅडमकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते.

"थोड्याच आहेत," त्या म्हणाल्या, "पण आहेत. दुसरा उंदीर घे. त्याच्यातही दिसतंय का बघू."