एकार्टचा नकार

जर्मनीतल्या फ्रायबेर्गात फाल्क ऊलिश दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. खाणीच्या गावात जन्मून तो बोगद्यात शिरायला घाबरतो, आणि पोटासाठी काय करतो हे त्याच्या सासूलाही सांगता येत नाही.

सांगायचं तर असं : काही चिपा कोऱ्याच जन्मतात. त्यांनी काय व्हायचं ते नंतर एक इमेज, म्हणजे तयार फाइल, भरून ठरतं. ती भरतं कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रणालीचा गाभा, आणि कर्नलच्या त्या कोपऱ्याचा राखणदार फाल्क. चुकीच्या चिपेत चुकीची इमेज जाऊ नये म्हणून तिच्या डोक्यावर हेडर, म्हणजे ओळखपट्टी, हवं होतं. फाल्कला हवे होते ठरल्या मापाचे कप्पे : चिपेला एक, आवृत्तीला एक. त्याचा गुरू एकार्ट झायडेल म्हणे, लेबलांची माळ कर, हवी तेवढी वाढवता येईल. मेलिंग लिस्टवर त्याने सगळ्यांदेखत लिहिलं, "नकार. उद्या कुणाला एक कप्पा जास्त लागला, तर काय करशील?"

फाल्क फुगून बसला. उत्तर दिलंच नाही. फेब्रुवारीत एकार्ट गेला.

कर्नल लिहिणाऱ्यांचा रिवाज असा, की नकार देणाऱ्याला आधी उत्तर द्यायचं, त्याचं "पटलं" मिळवायचं, मगच बदल पुढे सरकतो. आता "पटलं" कोण म्हणणार? कुणीतरी खाजगीत लिहिलं, "ढकल पुढे, तो काही उठून येत नाही." फाल्क मात्र तो मेलांचा धागा उघडायचा आणि मिटायचा. नकार तिथेच बसलेला, दारातल्या माणसासारखा.

नाताळाआधी एकार्टच्या बायकोने, रोसविताने, बोलावलं. खिडकीतली दिव्यांची कमान बंद पडली होती. गावात प्रत्येक खिडकीत अशी कमान पेटते, पण एकार्टचीच तेवढी त्याने बनवलेल्या सर्किट बोर्डावर चालायची. फाल्कने आपले कप्पे तपासायची संधी साधली. नवं कर्नल चढवलं, इमेजला आपलं हेडर लावलं.

डावीकडचे दिवे लागले. उजवीकडे अंधार.

"अर्धीच का रे?"

फाल्कने बोर्ड उलटा केला. "मागे दुसरी चिप आहे, फ्राउ झायडेल. माझ्या हेडरात जागा एकीचीच."

"मग विचारायचं होतंस त्याला."

ती हे अशा सुरात म्हणाली, की जणू एकार्ट कोपऱ्यावर पाव आणायला गेला असावा.

घरगुती बोर्ड, जगात असा एकच, असं मनाला समजावता आलं असतं. फाल्कने जुनं कर्नल, जुनी इमेज परत चढवली. कमान पूर्ण पेटली. मग पुढ्यातला आयरशेके केक तसाच ठेवून त्याने नकाराखाली लिहिलं : "तुझं बरोबर. कप्पे मागे घेतो. माळ करतो."

नकार देणाऱ्याचं नाव पत्त्यातून गाळायचं नसतं. खोडायला उचललेलं बोट त्याने मागे घेतलं आणि पाठवून दिलं.

मागच्या खोलीत टिंग वाजलं.

फाल्कचा काटा बशीवर आपटला. रोसविता हलली नाही.

"त्याचा कॉम्प्युटर मी बंद केलेला नाही," ती म्हणाली. "आला असेल तुझाच मेल."

"हो."

"केक खा. उत्तराला वेळच लावतो तो, तुला माहीत आहे."

फाल्कने केक खाल्ला. मग दुसरा तुकडाही घेतला, आणि तो संपवायला मुद्दाम वेळ लावला. दोघांचेही कान मागच्या खोलीकडे होते.