आप्पांच्या बंदुकीचा दस्ता

देवनहळ्ळीजवळच्या आमच्या शूटिंग क्लबात दर रविवारी माझं भांडण ठरलेलं. समोर एकच माणूस, येलहंक्याचे साहेब. हवाईदलातून निवृत्त आणि मूळचे पुण्याचे, म्हणजे न विचारता मत देणार! आम्ही हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडतो, पंचवीसची एक फेरी. त्यांची बंदूक इटालियन, नवी कोरी. माझी जुनी दुनळी, आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झालेली.

"अक्का, हिचा दस्ता तुम्हाला इंचभर लांब होतो. कापून घ्या," हे साहेबांचं पालुपद.

"आप्पांच्या बंदुकीला करवत लावू? आधी तुमची जीभ कापून घ्या!" हे माझं.

आप्पा सहा फुटी, मी जेमतेम पाच. याच बंदुकीनं आप्पांच्या वीस फुटायच्या, माझ्या सोळा-सतरा. दोष माझ्या नेमाचा, बंदुकीचा नाही, असं मी सहा वर्षं छातीठोक सांगत आले.

मग निवडणूक लागली आणि परवान्याच्या बंदुका पोलीस स्टेशनात जमा झाल्या. क्लबची एक आखूड दस्त्याची बंदूक होती, नवशिक्यांसाठीची.

"हिच्यानं मारा," साहेब म्हणाले. "वीसच्या वर गेलात तर दस्ता कापायचा. सरी? कबूल?"

"सरी!" मी तोऱ्यात म्हणाले. तिथंच चुकलं.

चोवीस तबकड्या उडाल्या, माझ्या वीस फुटल्या. उरली एक. अय्यो देवा! फोडली तर करवत. चुकवली असती तर कुणाला कळणार होतं? पण मुद्दाम चुकवायला आप्पांनी शिकवलंच नव्हतं. तबकडीचा भुगा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी तोंड पाडून बाकावर बसले.

निवडणूक संपली, बंदूक परत मिळाली, ती मी थेट कारागिराकडे नेली. साहेब मजा बघायला बरोबर आले. कारागिरानं दस्त्यावर पेन्सिलीची रेघ मारून करवत उचलली, तसे साहेब एकदम पुढे आले.

"अक्का, राहू दे हो. मी स्वल्प जास्तच बोललो."

"गप्प बसा. शब्द दिलाय मी."

म्हणाले खरी, पण करवत थांबेपर्यंत डोळे घट्ट मिटून उभी होते.

पुढच्या रविवारी बंदूक उचलली, तर अलगद खांद्यात येऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान ताणावी लागली नाही. मला रडूच आलं.

"रडताना नेम लागत नाही," साहेब म्हणाले.

माझ्या तेवीस फुटल्या, त्यांच्या बावीस. साहेबांनी आपली इटालियन बाजूला ठेवली आणि हात पुढे केला.

"बघू, आप्पांची बंदूक द्या जरा."

"नाही देत," मी म्हटलं. "माझी आहे."