नैसर्गिक, पण कशापासून?

छापखान्यात तिला सगळे अनुस्वारबाई म्हणत. तोंडावर नव्हे हं, तेवढी कुणाची छाती नव्हती! खाऊच्या पुड्यांवरची सगळी लेबलं छापायच्या आधी तिच्या नजरेखालून जायची. सव्वीस वर्षं तेच लाल पेन आणि तोच नाकावर घसरलेला चष्मा. एखादं टिंब हरवलं असेल, तर ते सापडेपर्यंत ही बाई जेवायला उठायची नाही.

पण खरं सांगू? तिला वाचायची ही खोड लागली ती धाकट्या बहिणीपायी. धाकटीला दूध बाधायचं. चार वर्षांची असताना तिने लोणी लावलेल्या पावाचा एकच घास खाल्ला आणि श्वास कोंडून ती निळी पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिला छातीशी घट्ट धरून बसली होती ती हीच, दहा वर्षांची थोरली. पुढे आईवडील गेले, लग्नं दोघींचीही राहिली, आणि दोघी एकाच घरात राहिल्या. त्या घरात जो पुडा यायचा तो आधी थोरलीच्या चष्म्याखालून.

एकदा बिस्किटांच्या नव्या लेबलाचा कच्चा छाप तिने तपासायला घरी आणला. धाकटीने तो उचलून वाचला. लोण्याचा स्वाद, पूर्णपणे नैसर्गिक. मागची घटकांची यादी तर तिने दोनदा वाचली. दुधाचं नाव कुठे नव्हतं.

"ताई, सगळं नैसर्गिक आहे. म्हणजे बाधणार नाही ना?" ती म्हणाली. "एकदाच चाखू दे गं. पन्नाशी आली माझी."

थोरलीला नाही म्हणायला जीभ रेटेना, हो म्हणायची हिंमत होईना. चौकशी करते, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने समासात लाल पेनाने लिहिलं, 'नैसर्गिक, पण कशापासून?' मालक वैतागले. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं सोडून बाईंना ही नसती उठाठेव कुणी सांगितली, असं त्यांचं म्हणणं. बाईने छाप खणात टाकला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि कारखान्याला फोन लावला.

तिथला रसायनांचं बघणारा माणूस भला होता. त्याने समजावलं, की नैसर्गिक म्हणजे झाडापासून नाहीतर प्राण्यापासून मिळालेल्या कुठल्यातरी पदार्थातून काढलेलं. ते कुणालाही चालेल, असा त्याचा अर्थ नाही. हा स्वाद तर दुधाच्या सायीतूनच काढला होता, आणि यादीतल्या 'नैसर्गिक स्वाद' या दोन शब्दांमागे ते दूध दडून बसलं होतं. दोनच शब्द, आणि शुद्धलेखन अगदी बिनचूक!

"आणि तुमचं ते जुनं, स्वस्तातलं लोणी-बिस्किट?" तिने विचारलं. "कृत्रिम स्वाद लिहिलेलं?"

त्याला हसू आलं. त्या बिस्किटाने दुधाचं तोंडही पाहिलं नव्हतं. वास प्रयोगशाळेतला, भट्टी निराळी, कारखानाही दुसरीकडचा. बाईने हे सगळं सहीशिक्क्यानिशी लेखी मागवलं आणि डॉक्टरांनाही दाखवलं. नव्या लेबलावर 'दुधापासून' हा शब्द चढला तेव्हा कुठे तिने खणाचं कुलूप काढलं.

रविवारी दुपारी धाकटीने कृत्रिमवाल्या पुड्यातलं एक बिस्किट उचललं. जन्मभर या शब्दाला दोघींनी नाक मुरडलं होतं. थोरली समोर बसली, डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन हाताशी, नजर घड्याळावर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. काही झालं नाही. धाकटीने दुसरं घेतलं आणि डोळे मिटून हळूहळू चावलं.

"ताई, लोणी असंच लागतं का गं?"

थोरलीने सांगायला तोंड उघडलं आणि ती थांबली. निळ्या पडलेल्या पोरीला छातीशी धरलं होतं, त्या दिवसापासून तिनेही लोण्याला बोट लावलं नव्हतं. तिने धाकटीच्या हातातलं अर्धं बिस्किट घेतलं आणि खाल्लं.

"मलाही आठवत नाही गं," ती म्हणाली. "पण असंच असेल."