तिवड्यापासून चाळीस पावलं

रझाकारांच्या धामधुमीत आमच्या मामंजींनी सासूबाईंची पुतळ्यांची माळ आणि हातातले सोन्याचे गोठ एका तांब्यात घालून शेतात पुरले, आणि जागा विसरले. विसरले म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. तिवड्यापासून उगवतीला बराबर चाळीस पावलं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ होतं. पंचाईत एवढीच, की तिवडा म्हणजे खळ्यात मळणीचे बैल फिरवायला रोवलेला खुंट. मळणी झाली की तो उपटतात, आणि पुढच्या साली खळं दुसरीकडेच करतात. गाव सोडून पळालेलं हे घर पोलीस ॲक्शननंतर परतलं, तोवर पावसानं सगळं रान एकसारखं झालं होतं.

मी लग्न होऊन आले ती त्यानंतर चार-पाच वर्षांनी. तेव्हाही मामंजी सवड मिळाली की कुदळ घेऊन निघायचे. सासूबाई निमूट भाकरी बांधून द्यायच्या. मला मात्र मामंजींचा राग यायचा. सोन्यासाठी एवढं खणणारा माणूस विहिरीचं नाव काढलं की "पुढच्या साली बघू" म्हणायचा, आणि मी अन् सासूबाई लांबच्या नदीवरून डोक्यावर पाणी आणायचो.

मग नणंदबाईंचं लग्न ठरलं. पोरीच्या गळ्यात आईची माळ घालीन, असं मामंजी व्याह्यांसमोर बोलून बसले. आता माळ सापडायलाच हवी होती. मजूर लावायला पैसा नव्हता, म्हणून ते राजूरच्या मारवाडी शेटजींकडे गेले. शेटजी स्वतः रान बघून आमच्या ओसरीवर चहाला बसले.

"सहा गडी लावा. खर्चा माझा," ते म्हणाले. "पन खणायचं वढ्याकडच्या कोपऱ्यात. बिलकुल दुसरीकडं न्हाई."

"अवो, तिथं खळं कधीच नव्हतं!"

"मंग पैसा बी न्हाई."

एरवी हट्टाला पेटणारे मामंजी कबूल झाले. शेटजीला काहीतरी ठाऊक असणार, असं त्यांनी मला नंतर हळूच सांगितलं. मीही शहाण्यासारखी मान हलवली.

पंधरा हातांवर सोनं लागलं नाही, पाणी लागलं. मामंजी काठावर डोक्याला हात लावून बसले. सासूबाईंनी मात्र लगबगीनं हळदकुंकू आणून पाण्याची पूजा केली.

लग्नाच्या दिवशी नवरी बाहेर आली, तर गळ्यात पुतळ्यांची माळ. मामंजींच्या मुठीतल्या अक्षता सांडल्या.

"ही कुठं सापडली?"

"पुरली त्याच दिवशी," सासूबाई म्हणाल्या. "तुमी तिवड्यापासून पावलं मोजून राह्यले, तवाच म्या वळखलं. तुमी घरी आले अन् म्या जाऊन काढून आणलं."

"अन् मला इतकी सालं खणू दिलं?"

"हिरीसाठी कुदळ उचलली असती का तुमी?"

वऱ्हाड खो खो हसलं. मीही तोंडाला पदर लावला. मामंजी तेवढे हसले नाहीत. ते सासूबाईंच्या हातांकडे बघत होते. त्या हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या, गोठ नव्हते. शेटजींनी विहिरीला लावलेला पैसा कुणाचा, हे त्यांना तिथंच कळलं, आणि मलाही. इतके दिवस मी त्या बाईला भोळी समजत होते, याची मला लाज वाटली.

पुढे दोन वर्षं मिरचीत राबून मामंजींनी शेटजींकडून गोठ सोडवून आणले. सासूबाई विहिरीवर पाणी शेंदत होत्या. तिथंच, माझ्यादेखत, मामंजींनी ते त्यांच्या ओल्या हातांत चढवले. असं काही आमच्या घरात कधी घडत नसे, त्यामुळे कुठं बघावं ते मला कळेना.

सासूबाईंनी हात उन्हात फिरवून पाहिले.

"पुन्हा पळायची वेळ आली तर म्या पुरते," त्या म्हणाल्या. "तुमी निस्ती कुदळ द्या."

मामंजी मान खाली घालून हसले. डोळे माझेच भरून आले, आणि मी घागर उचलून घरी निघाले.