सुमित्राच्या नावाची बाटली

आमचे डॉक्टर मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मुलीच्या बोटातून रक्त घेत होते. तिची साखर तपासली, आकडा लिहिला, पुढच्या माणसाला आत बोलावलं. सव्वा महिना होत आला, पण मी अजून धड एका जागी बसलेली नाही. स्वयंपाक अर्धा टाकून दवाखान्यात येते, त्यांच्या खोलीत डोकावते, पुन्हा बाहेर. माणसाने स्वतः निघून जावं आणि आपली चुळबुळ दुसऱ्याच्या अंगात सोडून जावं, हे काही बरं नाही.

सावली तालुक्यातल्या धान पिकवणाऱ्या घरातला हा सर्जन चंद्रपुरात दवाखाना टाकून बसला आणि पोटदुखीने वाकलेल्या हाडकुळ्या तरुण पेशंटांच्या मागे लागला. अंगावर चरबी नाही, मग यांना मधुमेह कुठून? त्यांच्या स्वादुपिंडात खडे सापडत, दुधाच्या दातांसारखे पांढरे. ऑपरेशन करून ते काढले की दुखणं थांबे. मधुमेह मात्र राही, इन्सुलिन जन्मभराचं. खडे होतात कशाने, या एका प्रश्नामागे त्यांची उमर गेली. काय खाता, पाणी कुठलं, आईला होतं का... मी त्यांची लॅब सांभाळायची. शहरातल्या परिषदेत कुणी ठामपणे कारण सांगितलं की हे तिथेच उठून म्हणत, "आमच्या एटापल्लीच्या जंगलात पेशंट पाहाले या एकदा."

सुमित्रा सावलीजवळच्या गावातली, नवऱ्याबरोबर गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, मासे धरणारी. तेव्हा आम्ही काढलेले खडे पेशंटला देऊन टाकत असू. ती घरी निघाली तशी मी खड्यांची बाटली तिच्या हातात ठेवली आणि हसत म्हणाले, "घे वं बाई, हा तुहा रोग." बस, एवढंच.

दोन महिन्यांनी ठरल्या दिवशी ती आली नाही. मधुभाऊंनी मला गाडीत घातलं आणि थेट तिचं घर गाठलं. दारात नवरा एकटा. ती वारून आठ दिवस झाले होते.

"इन्सुलिन देत होता ना?" मधुभाऊंनी विचारलं.

"काऊन देऊ, भाऊ? पोट दुखनं थांबलं. रोग त मामा तलावात सोडला ना आमी, नारळ फोडून. दवाखान्यातच सांगतलं होतं, हा तुहा रोग म्हनून."

तो रागावला नाही. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मधुभाऊंनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "चूक माही आहे. समजावून सांगाचं राहून गेलं माह्याकडून."

परतताना मी रडू लागले तर मधुभाऊ भडकलेच. "रडून काय होते? आता पेशंटच्या घरी जाऊन पाहाचं." खडे देणं बंद झालं, प्रत्येक खडा नाव-गाव लिहून कपाटात. दर सोमवारी आम्ही पेशंटांच्या दारात. इन्सुलिन थंड राहावं म्हणून ओल्या रेतीच्या मडक्यात नीट ठेवलंय का, हे ते स्वतः झाकण काढून बघत. छातीचं दुखणं सुरू झाल्यावरही थांबले नाहीत. मी ओरडायची, "भाऊ, आता तरी बसा!" तर म्हणत, "खड्याचं कारण सापडलं का तुले? मंग कसा बसू?" सापडलं नाहीच. हे मी कौतुकाने सांगत नाही, मला याचा रागच येतो.

गेल्या आठवड्यात त्यांचं कपाट लावायला घेतलं. मागच्या रांगेत एक रिकामी बाटली होती. चिठ्ठीवर त्यांचं अक्षर: 'सुमित्रा. खडे तलावात. हा तुझा रोग, असं मी सांगितलं.'

मी! इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव कुणाला सांगितलं नव्हतं, त्या बाटलीलासुद्धा नाही. तो शब्द खोडायला पेन उचललं, पण अक्षर त्यांचं... पेन खाली ठेवलं. म्हणून इथे लिहिते. ते वाक्य माझं होतं.

बाटली होती तिथेच ठेवली आहे. आज सोमवार आहे, मला निघायला हवं.