धुऱ्यावरची रेघ

लाखनीला हायवेच्या कडेला माझ्या मित्राचं पंक्चरचं दुकान आहे. भारताची फुटबॉलची मॅच असली की संध्याकाळी आम्ही तिथे जमतो, कारण त्याच्या भिंतीवर टीव्ही आहे आणि आमच्या घरच्यांना ही मॅच बघवत नाही. आम्ही म्हणजे दुकानदार, शाळेत पीटी शिकवणारे मास्तर आणि बियाणं-खताच्या दुकानात बसणारा मी. चौथा मागच्या पावसाळ्यात तापाने गेला. त्याच्याबद्दलच सांगायचं आहे.

आमचं फुटबॉल धानाच्या बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं. धान कापून झालं की बांधी उन्हाने टणक होते, मग दोन-तीन बांध्यांमधले बांध फोडून मैदान करायचं आणि कडेचा धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीचा उंच बांध, हीच साइडलाइन. बॉल बाहेर गेला की धुऱ्यावर चढून थ्रो टाकायचा. धुरा हातभर रुंद, त्यावर धावत येऊन थ्रो टाकायला जागाच नसते. म्हणून आमच्याकडचे सगळे एका जागी उभं राहून, कमरेतून वाकून थ्रो टाकतात. आमचा हा चौथा तर असा टाकायचा की बॉल थेट गोलच्या तोंडाशी पडायचा. मागचा पाय घासत पुढे यायचा आणि अंगठा धुऱ्याच्या मातीत रेघ ओढायचा. कोणी ‘फाउल, पाय उचलला’ असं ओरडलं की तो वाद घालायचा नाही. खाली बोट दाखवून म्हणायचा, “हे पाह्य, रेघ!” हवेतला पाय रेघ मारत नाही, बोला आता काय बोलता.

एकदा त्याचा थ्रो कोणालाही न लागता सरळ गोलमध्ये गेला होता. नियमाने तो गोल नाही, समोरच्यांना गोलकिक मिळते. पण दुकानदाराच्या मते गोलकीपरच्या नखाला बॉल लागला होता. ते नख इतकी वर्षं आमच्यात चघळलं जातंय, आणि कीपर बिचारा कधीच पोटापाण्यासाठी नागपूरला निघून गेला.

मग आमच्या या थ्रोवाल्याला भंडाऱ्याला, जिल्ह्याच्या निवड चाचणीला बोलावलं. तिथलं मैदान गवताचं, पायात दुसऱ्याचे बूट. त्याने थ्रो टाकला, परीक्षकाने शिट्टी मारली, फाउल. पुन्हा टाकला, पुन्हा शिट्टी. त्याने सवयीने खाली बोट दाखवलं, पण गवतावर कसली रेघ उमटणार! परीक्षक म्हणाले, नियम माहीत नसतील तर घरी जा. तो घरी आला आणि त्यानंतर ट्रॅक्टर चालवत राहिला. आपला पाय उचलला नव्हता हे मात्र त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. आम्ही त्याला त्यावरून पुष्कळ छळायचो. मित्र कशाला असतात?

तो गेल्यानंतरची पहिली मॅच मला आठवते. आपल्या लेफ्ट बॅकने थ्रो घ्यायला बॉल डोक्यामागे नेला आणि दुकानात एकदम कोणी बोलेना. बाहेरून ट्रक जात होते तेवढाच आवाज. ते मला सहन होईना. दुकानदारालाही होत नसावं, कारण तो अचानक अगदी आमच्या गेलेल्या गड्याच्या सुरात बोलला, “अंगठा लागून आहे ना बे, दिसत नाही का?” मास्तरांनी डोळे पुसले आणि हसलेही. तेव्हापासून आमच्यात रीतच पडली. प्रत्येक मॅचला आळीपाळीने कोणीतरी त्याची बाजू घ्यायची, त्याच्या शब्दांत, त्याच्या सुरात. मेलेल्या माणसाची नक्कल करू नये असं माझी बायको म्हणते. तिचं खरं असेल. पण आम्ही नक्कल करत नाही, त्याला एकटं पडू देत नाही, एवढंच. खरं सांगायचं तर माझी पाळी आली की मला भीती वाटते. त्याचा आवाज माझ्या तोंडून फार सहज निघतो.

परवाच्या मॅचला माझी पाळी होती. समोर कुठलासा इवलासा देश, आणि आपले लोक त्यांच्यापुढे हात जोडून उभे असल्यासारखे खेळत होते.

“हा नऊ नंबरवाला कायले ठेवला हो टीममधी?” दुकानदार ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला. “गोलसमोर गेला का याचे पायच थरथरते.”

“त्याले बॉलच कोण देऊन रायला?” मास्तर म्हणाले. “मधले तिघं आपसातच पास खेळून रायले. तो एकटा काय करंल?”

“तुम्ही सगळ्यायलेच पास करता मास्तर, शाळेतल्यासारखं.”

एवढ्यात आपल्या लेफ्ट बॅकने लांब थ्रो टाकला आणि रेफरीने शिट्टी मारली. फाउल थ्रो. मास्तर लगेच पाढा म्हटल्यासारखे सुरू झाले. दोन्ही पायांचा काही ना काही भाग जमिनीवर हवा, रेषेवर नाहीतर रेषेबाहेर. बॉल दोन्ही हातांनी, डोक्यामागून, डोक्यावरून. टाच उचलली तर चालते, पाय उचलला तर नाही. “याचा उचलला,” ते म्हणाले. “साफ दिसलं.”

“काही उचलला नाही!” मी त्याच्या सुरात ओरडलो. उठून टीव्हीपाशी गेलो, पडद्यावरच्या त्या पायाखाली बोट ठेवलं. “हे पाह्य, रेघ!”

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर दारात त्याची आई उभी होती. शेजारीच गावाकडच्या एसटीचा थांबा आहे, ती बाजार करून तिथे उभी असणार. हातातली पिशवी खाली पडली होती आणि वांगी आमच्या पायांपर्यंत आली होती. ती मला बघत नव्हती. माझ्या आजूबाजूला कोणाला तरी शोधत होती.

“काकी, बसा,” दुकानदार म्हणाला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. मी वांगी गोळा करायला लागलो. मला लाज वाटत होती.

“कोण बोललं आता?” तिने विचारलं.

“मी, काकी.”

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, “त्या रेघेचं काय असते बापू? तो मलेही सांगे. बूट घालून भंडाऱ्यावरून आला तवा दोन दिवस तेच. माय, माह्या पाय उठलाच नोयता. म्या म्हटलं, एवढे मोठे साहेब खोटं बोलतीन का? हरला त हरलो म्हण, खोटं कायले बोलतं? त्यानंतर तो माह्यापाशी कधी बोललाच नाही त्या गोष्टीचं.”

मास्तर तिच्यासमोर खाली उकिडवे बसले आणि तिला समजेल असं त्यांनी सांगितलं. बॉल फेकताना पाय जमिनीला टेकलेला पाहिजे. रेघ उमटली म्हणजे पाय घासत आला. घासत आला म्हणजे उचलला नाही.

“रेघ असली का तो खरा?”

“खरा.”

ती पदराशी चाळा करत राहिली. “आंगणात ढोराच्या कोठ्याच्या भिंतीवर बॉल फेकत बसे, रोज संध्याकाळी,” ती म्हणाली. “आन् मी सकाळी आंगण सारवाले गेली का रेघ. रोज तिथंच रेघ. मी त्याले शिव्या देत जाओ, का माह्या सारवलेल्या आंगणाची वाट लावतं म्हणून. आन् शेणाचा हात फिरवून मिटवत जाओ.” तिने हात पदराला पुसला. “आता तं तिथं सिमेंट टाकलं.”

बाहेर तिची एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टरने हाक दिली, ती उठली नाही. एसटी निघून गेली. पडद्यावर आपली टीम आवाजाशिवाय हरत होती आणि माझ्या हातात तिची वांगी तशीच होती.

“आता जे बोलला ना,” ती मला म्हणाली, “ते पुन्हा बोल.”

मी मास्तरांकडे पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते. त्या आवाजात आता बोलता येईल असं मला वाटत नव्हतं, पण त्याची आई समोर बसून वाट बघत होती. मी वांगी खाली ठेवली, दुकानाच्या मातीकडे बोट दाखवलं आणि कसंबसं म्हणालो, “हे पाह्य, रेघ.”

तिने खाली वाकून खरंच पाहिलं. तिथे काही नव्हतं, ग्रीस आणि ट्यूबमधून सांडलेलं पाणी.

“हो बाबू,” ती म्हणाली. “दिसली. दिसली मले.”