होसियत ओपाचा धागा

होसियत ओपाला, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या थोरल्या ताईला, स्वस्थ बसता येत नाही. मार्गिलान या आमच्या रेशमाच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त शेरअलीला, आणि नेमका तोच आमचा मालक.

ओपाच्या लहानपणी वसंतात घरातली चांगली खोली रेशीमकिड्यांना जायची आणि माणसं अंगणात झोपायची. दिवसभर तुतीचा पाला ओढायचा, किड्यांजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. सतराव्या वर्षी ती गिरणीत लागली. कढत पाण्यात हात घालून कोषांच्या धाग्यांची टोकं पकडायची, आणि मागून मुकादमीण ओरडायची, "हात चालव भरभर." पुढे आमचा तो मोठा देश मोडला, त्याचे तुकडे झाले, गिरणीला कुलूप लागलं. ओपानं बाजारात चिनी मोजे विकले. आता म्हणे पाहुणे हेच आमचं पीक. म्हणून अडुसष्टाव्या वर्षी ती शेरअलीच्या कार्यशाळेत कढईपाशी बसून परदेशी लोकांना धागा काढून दाखवते. एक बाई धागा गुंडाळायचं चाक फिरवते, मी शेजारी चहा देते.

"ओपा, जरा हळू," शेरअली रोज म्हणतो. "लोकांचे फोटो हलतात."

"गिरणीत हळू म्हणून बोलणी खाल्ली, इथे भरभर म्हणून खाते. एकदा ठरवा बाबा काय ते."

सप्टेंबरात तिच्या नातीचं, दुरदोनाचं लग्न होतं. दुरदोना ताश्कंदला एका कचेरीत बसून फोनवर परक्यांच्या तक्रारी ऐकते. लग्नात पोरीच्या अंगावर आपल्या हातच्या धाग्याचं अतलस, आमचं रेशमी कापड, असावं, एवढंच ओपाला हवं होतं. वरच्या मजल्यावर मागांवर चढतो तो आपलाच धागा, असं ती दोन वर्षं धरून चालली होती. मला खरं माहीत होतं. मागांवरचा धागा यंत्रावर निघून यायचा. ओपाचा संध्याकाळी पोत्यात जायचा, उशांत भरायला. मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज वाटते.

तिनं मागितल्यावर शेरअलीनं दुकानातल्या ताग्यातून कापड लगेच फाडून दिलं, तेही फुकट.

"घ्या, तुमचंच आहे."

ओपानं ते उलटं केलं आणि वीत वीत बोटांतून सरकवलं.

"यात माझी गाठ नाही."

"कसली गाठ?"

"धागा तुटला की मी मारते ती. माझा धागा जातो कुठे रे, शेरअली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे.

"ओपा, लोक धागा बघायला थोडेच येतात?" तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला बघायला येतात."

"माझ्यात काय बघायचंय? मी काम करते." तिनं कापडाची घडी घालून त्याच्यापुढे ठेवली. "उद्यापासूनचा धागा मी घरी नेणार. विणून घ्यायचं माझं मी बघेन."

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी आली. कढईत दुप्पट कोष टाकले आणि जी सुटली, ती गिरणीतल्यासारखी. शेरअली दोनदा "हळू" म्हणाला. तिनं मान वर केली नाही. मग त्यानं चाक फिरवणाऱ्या बाईला आत बोलावून घेतलं.

चाक थांबलं. ओपाचा हात धागा धरून तसाच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं.

दारात पाहुण्यांची बस लागत होती. मी किटली खाली ठेवली आणि चाकापाशी जाऊन बसले. त्या दिवशी कोणालाच चहा मिळाला नाही.